केरात न गेलेली फुलं

"निर्माल्य केरात टाकायचं न्हाई, हेमे. देवीच्या अंगावरनं उतरलं म्हनून त्याचा मान उतरत न्हाई. पायदळी यील तिथं ठेवायचं न्हाई, वलांडायचं न्हाई. पदरात घ्यायचं नि मातीला द्यायचं."

ताराकाकूंचा हा आवाज हेमांगीला चाळीस वर्षांनी पुन्हा लख्ख ऐकू आला, तो साताऱ्याच्या दवाखान्यात, डॉक्टर रहाळकरांच्या खोलीत. काकू तेव्हा भिंतीपलीकडेच होत्या. नाकाला प्राणवायूची नळी, उशाला अंगाऱ्याची पुडी. मोरणवाडीच्या वाघजाईचे गुरव म्हणजे काकूंचं घर. हेमांगी सहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि शेजारच्या कणशांच्या या पोरक्या पोरीची वेणी घालायचं काम काकूंनी कुणी न सांगता आपल्याकडे घेतलं. निर्माल्याचा धडा त्या वेणीबरोबरच मिळाला होता.

"काकूंच्या फुप्फुसात बुरशी आहे," रहाळकर म्हणाले. "ॲस्परजिलस. तशी ती सगळीकडेच असते. तुम्ही-मी रोज तिचे शेकडो बीजाणू हुंगतो आणि आपल्या छातीतले शिपाई त्यांना हाकलून देतात. काकूंना वीस वर्षं साखर, त्यात दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या. शिपाई झोपलेत."

"आणि औषध?"

"जुनी औषधं कधीच बोथट झाली. तीन वर्षांपूर्वी आलं ते शेवटचं. सहा दिवस देतोय, पाण्यासारखं वाहून जातंय." डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. बुरशीच्या जनुकांची ओळ होती, आणि तिच्यातलं एक अक्षर तांबडं. "हे एक अक्षर बदललंय. तुम्ही बुरशीनाशकांत काम करता म्हणून विचारतो. पेशंटच्या अंगात सहा दिवसांत असा बदल होत नाही. ही तालीम घेऊनच आत आलीय. तुमच्या गावाकडे कुठलं नवं औषध फवारतात का हो?"

हेमांगीनं त्या अक्षराकडे पाहिलं. त्याची जागा तिला पाठ होती.

"बघावं लागेल," ती म्हणाली.

सकाळी देवासमोर फूल वाहिल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ती बाई. चाळीस वर्षांत नेम चुकला नव्हता, आणि तीच सरळ खोटं बोलून गेली.

बुरशीलाही वाढायचं तर नवी पेशी बांधावी लागते, आणि पेशी बांधायला विटा लागतात. त्या विटा भाजणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बुरशीच्या पोटात असतं. त्या विकराला एक खोबण असते, कुलपाच्या भोकासारखी. हेमांगीनं अकरा वर्षं खपून एक रेणू घडवला होता. तो त्या भोकात शिरायचा आणि आत मोडलेल्या किल्लीसारखा अडकून बसायचा. विटा बंद, बांधकाम बंद, बुरशी उपाशी. माणसाच्या अंगात असंच विकर असलं तरी त्याचं भोक वेगळ्या घाटाचं, म्हणून माणसाला धोका नाही. प्रयोगशाळेत त्याचं नाव एचके-सत्तावीस. बाटलीवरच्या रंगामुळे शेतकरी त्याला 'निळं' म्हणत. करप्यानं शेवंतीचे मळेच्या मळे काळे पडत होते, त्या साली निळं बाजारात आलं आणि पंधरा दिवसांत पानं हिरवी झाली. गावात तिची मिरवणूक निघाली होती.

पुढं दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्या देशात, माणसाच्या छातीतल्या बुरशीसाठी औषध शोधलं. रेणू वेगळा, बाटली वेगळी, किंमत तर कितीतरी वेगळी. कुलूप मात्र तेच. त्या शोधावरचा लेख वाचतानाच हेमांगीला दिसलं होतं, की निळ्याला सरावलेल्या बुरशीपुढं हे औषधही फुकट जाईल. पण शेतातली बुरशी शेतात आणि छातीतली छातीत, अशी तिनं मनाची समजूत घातली.

समजूत घालायची सवय तिला आधीच लागली होती. परवान्याची फाईल तयार होत होती त्या दिवसांतली गोष्ट. मातीतल्या जिवाणूंचं काम बघणाऱ्या डॉक्टर रुखसाना मुजावर, कंपनीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ, चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या होत्या, "हेमांगीबाई, खाण्याच्या पिकाला फवारणीनंतर एकवीस दिवस थांबायचं लिहिलंत, बरोबर. फुलांना थांबायची गरज नाही म्हणता, कारण फुलं कुणी खात नाही. तेही ठीक. पण मग ही फुलं जातात कुठं?"

'कुठं जातात' याचं उत्तर शोधायचं म्हणजे कुजणाऱ्या फुलांवर निराळी चाचणी, आणखी आठ महिने. करपा तर दाराशी आलेला. धाकटा भाऊ संपत रोज फोन करून विचारत होता, आक्का, कधी येणार तुझं औषध.

"केरात," हेमांगी म्हणाली होती. "केरात जातात."

मुजावरबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सही केली.

हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर त्याला अज्ञान म्हणता आलं असतं. ते दिलं काकूंच्या हाताखाली वाढलेल्या मुलीनं.

दवाखान्यातून निघून ती थेट मोरणवाडीला गेली. दुपार टळली नव्हती. रस्त्यालगतच संपतचा मळा. पांढऱ्या शेवंतीनं शिवार असं भरलेलं की डोळ्यांना गारवा वाटावा.

"या, डॉक्टरीणबाई!" संपतनं बांधावरूनच हाक दिली. "काकी कशी हाय?"

"तशीच. संपत, निळं कधी मारलंस शेवटचं?"

"काल."

"आणि आज तोडा घेतलास?"

"मग? बाटलीवर तूच लिवलंयस की, फुलपिकाला थांबायची गरज न्हाई म्हनून. सोन्यासारखी फुलं. आज देवीला दोन पाट्या दिल्या, सवयीपरमानं." त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं गं?"

"काही नाही. येते."

"च्या तरी घे. इतकी मोठी झालीस व्हय, की भावाच्या हातचा च्या कडू लागतोय?"

ती हसली नाही, हे त्याला नंतर आठवलं असणार.

देवळामागं पत्र्याच्या छपराखाली निर्माल्याचा ढीग होता. पूर्वी निर्माल्य नदीत सोडायचे. बारा वर्षांपूर्वी हेमांगीनंच काकूंना समजावलं होतं, "काकू, नदी मरतेय. ढीग घालू, खत करू. मातीलाच तर द्यायचंय ना?" काकूंना ते पटलं. पाहता पाहता सोळा बायकांचा गट जमला. आठवड्यातून दोनदा फावड्यानं ढीग वरखाली करायचा, चाळायचा, पिशव्या भरायच्या. देवीच्या नावाचं खत म्हणून पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर त्या पिशव्या जात.

फुलांचा ढीग कुजताना तापतो. आतली ऊब पन्नास अंशांवर जाते. बाकीच्या बुरश्या तिथं भाजून मरतात. ॲस्परजिलसला मात्र ती ऊब मानवते, बाळंतिणीला शेक मानवावा तशी. त्यात फुलांवर राहिलेलं निळं, तीन-तीन महिने न मोडणारं. सगळ्यांना मारायला अपुरं, पण ओळख करून द्यायला पुरेसं. कोट्यवधी बीजाणूंत एखाद्याचं कुलूप जन्मतःच जरा वाकडं असतं, त्यात ती किल्ली बसत नाही. बाकीचे मागं पडले की रान त्याचंच. मग फावडं पडतं, ढीग उलटतो, आणि धुरासारखी धूळ उठते.

हेमांगीनं तोंडाला जाड मास्क बांधला तशी चाळायला खत काढत ढिगाशी उभी असलेली सगुणा मोहिते खळखळून हसली. "आगं बया! आक्का तर घुंगट घिऊन आली! कुनाची नवरी गं?"

"नमुना घ्यायचाय जरा."

"घ्ये की. देवीचं हाय, कमी पडायचं न्हाई." सगुणानं पदराचं टोक नाकातोंडावर बांधलं आणि फावडं मारलं. पदर धुळीसाठी नव्हता. आपला श्वास, आपली थुंकी निर्माल्यावर पडू नये म्हणून काकूंनी घालून दिलेली ती शिस्त होती. फावडं टाकता टाकता सगुणा खोकली. थांबली, पुन्हा खोकली.

"किती दिवस झाले खोकल्याला?"

"झालं की दोन आठवडं. धूळ लागली आसंल. हळद-दूध घेत्ये."

हेमांगीच्या हातात डब्याएवढं यंत्र होतं. पूर्वी ज्याला महिना लागायचा, ते जनुकवाचन आता उभ्या उभ्या व्हायचं. चिमूटभर काळी माती आत गेली. चौदा मिनिटं ती छपराच्या खांबाला टेकून बसली, तोंडानं नाम घेत. कुठलं नाम घेत होती तेही तिला कळत नव्हतं. मग पडद्यावर ओळ उमटली. तांबडं अक्षर, त्याच जागी.

"काय म्हनतंय मशीन?" सगुणानं विचारलं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण सगुणाचा चेहरा इतका मोकळा, आणि मागं देवळाच्या भिंतीवर हेमांगीच्याच सत्काराचा फोटो टांगलेला.

"आज राहू दे काम, सगुणाताई. घरी जा."

"राहू दे म्हनं! देवीचं काम आसं ठिवून चालतंय व्हय?" आणि फावडं पुन्हा ढिगात शिरलं.

परतीच्या वाटेवर तिनं कंपनीत फोन लावला. तिचे वरिष्ठ सबनीस शांतपणे ऐकून घेत होते. शनिवारी केंद्राच्या समितीसमोर सुनावणी होती. निळं आणखी अकरा पिकांना मिळायचं होतं आणि साक्ष हेमांगीची होती.

"एका ढिगाचा एक नमुना," सबनीस म्हणाले. "हेमांगीबाई, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. कधी म्हणालोय? पण गेल्या साली हे औषध नसतं तर निम्मा कांदा शेतात काळा झाला असता. शेतकऱ्यांनी काय खाल्लं असतं? एका बाईच्या आजारापुढं लाखो घरं ठेवून बघा. शनिवारी जेवढं विचारतील तेवढंच बोला. बाकीचं सहा महिन्यांनी, नीट अभ्यास करून."

"सहा महिन्यांत किती वेळा ढीग उलटतो माहितेय तुम्हाला?"

"ढीग बंद करायला सांगा ना मग. गुपचूप. काहीतरी कारण देऊन."

वाईट माणूस नव्हता तो. त्याचं बोलणं तिला जवळजवळ पटलं, आणि तिला भीती वाटली ती या पटण्याचीच. केरात, असं म्हणताना तिला स्वतःचं बोलणंही असंच पटलं होतं.

चार वाजता ती काकूंच्या खाटेपाशी बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्या सकाळी शस्त्रक्रिया. बुरशी लागलेला फुप्फुसाचा तुकडा काढायचा. वय अडुसष्ट. बाकी देवाच्या हाती.

"हेमे, तोंड का उतरलंय?" काकूंचा आवाज फाटलेल्या पिपाणीसारखा येत होता. "मरत न्हाई मी येवढ्यात. तुज्या लाखोलीचं उद्यापन ऱ्हायलंय अजून."

"कसली लाखोली?"

"तुला सांगितलं न्हाई म्या. तुजं औषध जमंना म्हनून तू रडत फोन केलातास बग. तवा देवीला बोलले, पोरीला यश दे, लाख शेवंती वाहीन. औषध आलं नि संपतचा मळा फुलला. त्याच मळ्यातनं रोज मोजून पाचशे. सात म्हैनं लागलं. ढीग माज्या डोसक्याच्या वर ग्येलता." काकू हसल्या, आणि हसण्याचा खोकला झाला. नर्स आली, नळी नीट करून गेली.

हेमांगीनं काकूंचा हात धरला. आणि मग सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, ढिगातली ऊब, तांबडं अक्षर. मुजावरबाईंचा प्रश्न आणि आपलं उत्तर. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

काकूंनी मान तिच्याकडे वळवली.

"केरात म्हनालीस?"

"हो."

"माज्या हातची वाढल्याली."

"हो, काकू."

"ढीग घाल म्हनून तूच सांगितलंस. फुलावर इख बी तूच घातलंस." शब्दांत राग नव्हता, नुसती मांडणी होती. त्यामुळे ते जास्त लागलं. हेमांगीनं वाकून कपाळ खाटेच्या कडेला टेकलं. "मला माफ कर, काकू."

"माज्याकडं मागू नगंस. माज्याकडं मागनं सोपं हाय. मी तुला कवा न्हाई म्हनलंय?" काकूंनी दम घेतला. "ढिगावर कोन हाय आता?"

"सगुणा. बाकीच्या."

"तिला सांगितलंस?"

"नुसतं घरी जा म्हणाले."

"बगितलंस? मला सांगितलंस, मी खाटेवर पडल्ये म्हनून. ज्या उभ्या हाईत त्यास्नी न्हाई." काकूंनी डोळे मिटले. नळीतून हवा शिट्टीसारखी वाजत होती. "सोळा घरं हाईत. एकेकीच्या दारात जायाचं. सभा घ्यायची न्हाई, पत्रक वाटायचं न्हाई. समोर बसून सांगायचं, मला सांगितलंस तसं. तूच केलंस ह्ये बी सांगायचं. शिव्या देतील, खायाच्या. मग साहेबास्नी काय सांगायचं त्ये सांग. आदी बायका, मग साहेब."

"उद्या तुझं ऑपरेशन आहे, काकू. मी बाहेर बसते. परवा—"

"बाहीर बसून काय करनार? जप? त्यो मी आतनं करते, मला मोकळा येळ हाय." काकूंनी डोळे उघडले. "उद्या ढीग उलटायचा वार हाय, हेमे."

"देवीची आण, काकू. जाते."

"आन नगं. न्हानपनी लई आना घेत हुतीस. नुस्तं हूं म्हन."

"हूं," हेमांगी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिनं देवासमोर हात जोडले. साताऱ्यात उतरली होती त्या खोलीत फूल नव्हतं. एस.टी. स्टँडवर शेवंतीच्या पाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही. पाण्याचा घोट घेण्याआधी तिनं फुलाऐवजी मिरजेला फोन लावला. मुजावरबाई निवृत्त होऊन तिथंच राहत होत्या.

"मॅडम, मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं होतं. फुलं केरात जात नव्हती. मला माहीत होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मलाही माहीत होतं," मुजावरबाई म्हणाल्या. "हेमांगीबाई, मी दर्ग्याच्या गल्लीत वाढलेली. मजारीवरची फुलं केरात टाकली असती तर माझ्या अम्मीनं हात मोडला असता. आमच्याकडेही झाडाच्या बुंध्याशी पुरतात. तुम्ही 'केरात' म्हणालात तेव्हाच मला कळलं, की ही बाई थकलीय. मीही थकले होते. चार महिन्यांत निवृत्ती होती. आठ महिन्यांची चाचणी कोण करणार?"

"म्हणजे तुम्ही..."

"सही माझी आहे. ती काय तुम्ही हात धरून घेतली नव्हती. शनिवारी किती वाजता आहे सुनावणी?"

"अकरा."

"मी येते. दोघी बसू. सबनीसांना सांगू नका, त्यांना बिचाऱ्यांना रात्रीची झोप तरी लागू दे."

हेमांगीला वाटलं होतं, दुसऱ्या कुणी वाटा उचलला की ओझं हलकं होईल. तसं काही झालं नाही. ओझं तेवढंच राहिलं, फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आलं.

स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानातून तिनं जाड मास्कचं एक खोकं घेतलं. गाडीत खिडकीची जागा मिळाली. नऊ वाजून दहा मिनिटांनी वॉर्डातून निरोप आला : आत नेलं. जाताना आजी हसत होत्या. हेमांगीनं फोन बंद करून पर्समध्ये तळाशी ठेवला. आता तो दर पाच मिनिटांनी बघत बसलं, तर बायकांच्या तोंडाकडे बघून बोलणं व्हायचं नाही.

मोरणवाडीच्या फाट्यावर ती एकटीच उतरली. कंडक्टरनं ओळखलं. "काय मॅडम, पुन्हा सत्कार का?"

"नाही," ती म्हणाली. "कामाला आलेय."

गाडी धूळ उडवत निघून गेली. बायका दहाला ढिगावर जमत. त्याआधी निदान सगुणाचं घर, तिच्या शेजारचं शेवंताबाईंचं, मग वरच्या आळीतली तीन. बाकीच्यांना ढिगाच्या वाटेवर गाठून मागं वळवायचं आणि एकेकीबरोबर तिच्या घरी जायचं. काय बोलायचं ते तिनं गाडीत चार वेळा जुळवलं होतं आणि चारही वेळा त्यात 'दुर्दैवानं' हा शब्द आला होता. तो तिनं काढून टाकला. मग उरलं ते अगदी थोडं होतं.

तिनं खोकं काखेत धरलं, पदर खोचला आणि गावाकडच्या उताराला लागली.